ऑक्टोबरचा प्याला

आमच्या घरात संशय पाहुण्यासारखा येत नाही, तो घरातच राहतो. दूधवाल्याने पाणी घातलं असणार, गॅसवाल्याने सिलिंडर हलका दिला असणार, शेजारीण गोड बोलली म्हणजे तिला काहीतरी हवं असणार, हे मी सकाळचा चहा पिण्याआधीच ठरवून मोकळी होते. मी शालू. भिलाईत पावर हाउसच्या बाजारात माझं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान आहे आणि कोहक्यात भावाच्या घरी, वडिलांजवळ राहते. लग्न केलं नाही. बघायला आलेल्या प्रत्येक मुलाचा मला संशय आला, आणि त्यातले दोघे तर पुढे खरंच तसे निघाले.

पण यंदा उन्हाळ्यात माझ्या भाचीने मलाही मागे टाकलं. दामिनी, माझ्या भावाची, भूपेंद्रची मुलगी. वय सोळा. मे महिन्यात चर्चच्या पोरांचं शिबिर झालं, तिथून ती परत आली ती पोलीस होऊनच.

आम्ही मराठी ख्रिस्ती. माझ्या पणजोबांनी गोंदियाकडच्या एका मिशन दवाखान्यात पडून असताना येशूला मानलं. माझे वडील शालिकराम तरुणपणी भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायला लागले. घरात प्रार्थना मराठीत, चर्चमध्ये हिंदीत, आणि दामिनीची भांडणं दोन्हींत. इथल्या मराठी लोकांना आम्ही पुरते मराठी वाटत नाही, चर्चमधल्यांना पुरते ख्रिस्ती वाटत नाही. आजकाल रविवारी हातात बायबल दिसलं की कोपऱ्यावरची चार डोकी वळतात, पिशवीत आणखी काय आहे म्हणून. संशय घ्यायची आणि संशय सोसायची, दोन्ही सवयी आम्हाला आहेत.

शिबिरात राजदीप भैया नावाच्या तरुण शिक्षकाने पोरांना सांगितलं होतं, "जो विश्वास घर से मिला है, वो उधार का है. पहले जाँचो, फिर बोलो तुम कौन हो." चुकीचं नव्हतं सांगितलं. पण दामिनीने जाँच सुरू केली ती आमच्यापासून.

आधी तिच्या आईचं मंगळसूत्र सापडलं. "मम्मी, हे काळे मणी कावून घालते तू? बायबलमध्ये कुठं लिहिलंय?"

"तुह्या बापानं घातलं, त्याले विचार," नीतूवहिनी म्हणाली आणि पोळी लाटत राहिली.

मग दारातली रांगोळी, मग माझ्या हिरव्या बांगड्या. शेवटी ती आजोबांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, नावाशी येऊन थांबली. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक असलेले बाबा लसूण सोलत बसले होते.

"आबा, शालिकराम म्हणजे विष्णूचा दगड असतो. तुम्ही चर्चचे एल्डर ना? मग नाव का नाही बदललं?"

"माह्या आज्याचं नाव होतं थे," बाबा म्हणाले. "येशूले मानलं तेव्हा बी तो शालिकरामच होता. त्याच नावानं हाक आली असन ना त्याले?"

दामिनीने मान हलवली, पण पटलं म्हणून नाही. तिच्या डोळ्यांत मला माझंच तरुणपण दिसलं आणि मला जरा धडकीच भरली.

खरं तर ही पोरगी आबांचं शेपूट होती. लहानपणी त्यांचा एक खेळ असायचा. बाबा गच्चीवर दोरी धरून उभे, ही खाली अंगणात, आणि दोरीला बादली. बाबा क्रेन, दामिनी खलासी. खलासी म्हणजे खाली उभं राहून माल बांधणारा आणि वरच्या ऑपरेटरला हाताने इशारे करणारा माणूस. बादलीत कधी वांगी, कधी मांजराचं पिल्लू. उघडा तळहात समोर धरला की थांब. तळहात पालथा करून हळूहळू खाली दाबला की उतरव. बाबांनी तिच्याकडून एक नियम पाठच करून घेतला होता. बाकीचे इशारे फक्त आपल्या खलाशाचे मानायचे, पण थांबायचा इशारा कोणीही देवो, मानायचाच. "साहेब असो का झाडूवाला असो. हात दिसला का क्रेन उभी."

याचा ती पुरेपूर गैरफायदा घ्यायची. बाबांनी जेवताना घास तोंडाशी नेला की ही समोर तळहात उघडून उभी. बाबा तो घास हवेत धरून बसायचे, ती हात खाली करेपर्यंत. आम्ही सगळे हसायचो. वरण गार व्हायचं.

आमच्या चर्चमध्ये सोळा-सतराव्या वर्षी पोरांचं दृढीकरण होतं. म्हणजे लहानपणी आईबापांनी बाप्तिस्मा दिलेला असतो, आता पोराने मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की मी येशूला मानतो. त्याच दिवशी त्याला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळतं. आणि आमच्याकडे रीत अशी, की प्रत्येक पोराच्या पाठीशी घरातलं एक वडीलधारं माणूस साक्षी म्हणून उभं राहतं, खांद्यावर हात ठेवून. दामिनीचा दिवस ठरला होता ऑक्टोबरचा पहिला रविवार. आणि साक्षी कोण, हे विचारायचीही गरज नव्हती. बाबांनी पांढरा शर्ट शिवायला टाकला होता. बाह्या लांब झाल्या म्हणून मीच त्या आत घालून दिल्या. म्हातारा आरशासमोर उभा राहून खांद्यावर हात ठेवायची तालीम करायचा, कपाटाच्या दारावर.

मग सतरा सप्टेंबर आला. विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी प्लांटमध्ये मशिनी धुऊन-पुसून हार घालतात, नारळ फोडतात, आणि घरच्या माणसांना आत बघायला सोडतात. भूपेंद्रही तिथेच नोकरीला. दामिनीला आबांची क्रेन बघायची होती, म्हणून ती बापाबरोबर गेली.

त्याच दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेत मी एक डोळा उघडून पाहिलं (मी नेहमीच पाहते), तर तिचे दोन्ही डोळे उघडे होते आणि ती आबांच्या जोडलेल्या हातांकडे टक लावून बघत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती थेट दुकानात आली. "आत्या, तिथं एक नरेश अंकल भेटले. आबांच्या क्रेनखाली खलासी होते. मले म्हणाले, 'तू शालिकभाऊची नात? अवं, इथलं नारळ तं शालिकभाऊच फोडत होते. दर साली. हार घालून, टिळा लावून.'" तिने दप्तर खाली टाकलं. "आबा, आत्या. चर्चचे एल्डर. मले शिकवलं का दुसऱ्या कोणाले नाही मानायचं, आणि स्वतः?"

मी मशीन थांबवलं. मला धक्का बसायला हवा होता. पण मला आठवला तो प्याला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि इवल्या काचेच्या प्याल्यातून द्राक्षाचा रस. प्याल्यांचा ट्रे बाकावरून हातोहात पुढे जातो. आणि दर ऑक्टोबरात तो ट्रे बाबांकडे आला की ते दोन्ही हातांनी घेतात आणि एकही प्याला न उचलता पुढच्याकडे देतात. भाकरही घेत नाहीत. नोव्हेंबरात पुन्हा सगळं नीट. माझं स्वतःचं दृढीकरण झालं तेव्हापासून मी हे पाहत आले आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही. दर ऑक्टोबरात पोट बिघडतं? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी काय काय संशय घेतले ते सांगायची लाज वाटते: बाटली असेल, बाई असेल. एकदा तर मी बाजारातून त्यांच्या मागे मागे गेले. ते एका हलवायाकडे गेले आणि साखरेचा आजार असून चांगली पावभर जिलबी खाऊन आले. त्याने माझा संशय गेला नाही, वाढलाच. जिलबी लपवणारा माणूस काय काय लपवत असेल!

आता दोन्ही टोकं जुळली. सप्टेंबरात नारळ, ऑक्टोबरात प्याला नाही. म्हणजे आपण करतोय ते काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ते करत होते. मी हे दामिनीला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे, पण पोटात राहिलं नाही.

त्या रविवारी जेवताना दामिनीने ताट बाजूला सारलं. "आबा, नारळ फोडत होते का तुम्ही?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "हाव."

"दर साल?"

"रिटायर होतपर्यंत."

"कावून?"

बाबा वरणातली मिरची बाजूला काढत राहिले.

"तो फिर आप मेरे साक्षी मत बनो," दामिनी म्हणाली. राग आला की ती हिंदीवर जाते, आणि 'आप' म्हणायला लागली की समजायचं, फार दूर गेली. "मी कोणाले तरी दुसऱ्याले सांगते. नाहीतर मी उभीच नाही राहत."

भूपेंद्र तिच्यावर ओरडला. बाबांनी त्याला हातानेच गप्प केलं. "तिचं म्हणणं बरोबर आहे," एवढंच बोलले, हात धुतले आणि गच्चीवर गेले. पांढरा शर्ट खुंटीवर लटकत होता.

मला दोघांचाही राग आला. पोरीचा, की तिने म्हाताऱ्याला असं तोडलं. आणि म्हाताऱ्याचा, की तोंड उघडून दोन शब्द बोलला नाही. स्वतःची बाजू न मांडणाऱ्या माणसाचा मला नेहमी जास्त संशय येतो.

म्हणून मीच एक चाल खेळले. भूपेंद्रकडून नरेशभाऊंना निरोप पाठवला, की बायकोच्या साडीला फॉल लावून देते, घेऊन या. दामिनीला त्याच वेळी दुकानात बसवून ठेवलं. नरेशभाऊ आमगावकडचे, आता रिटायर व्हायला आलेले. साडीची पिशवी घेऊन आले. मी चहा मागवला आणि सरळ विचारलं, "भाऊ, बाबा नारळ फोडायला कधीपासून लागले?"

"माह्यापासून," नरेशभाऊ हसत म्हणाले.

दामिनीचे डोळे बारीक झाले. "तुमाले आबांनी पाठवलं का?"

"मले? मले तं तुह्या आत्यानं बोलावलं, पोरी."

मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीची वर्षं शालिकभाऊ पूजेच्या दिवशी बाजूला उभे राहायचे, हात जोडून, टोपी काढून. नारळाला हात लावत नव्हते. कोणी काही म्हणत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. मग नरेशभाऊ गावाहून नवे नवे खलासी म्हणून आले. "मायनं सांगून पाठवलं होतं, ज्या मशीनवर तिच्या चालवणाऱ्यानं नारळ नाही वाढवला, तिच्या खाली उभा राहजो नको. आणि मले तं शालिकभाऊच्याच क्रेनखाली टाकलं. डोक्यावर एवढा माल लटकून राहिला, आणि मी खाली साखळी बांधून राहिलो. हात असा असा कापे माह्या." त्यांनी चहाचा कप धरलेला हात थरथरवून दाखवला. "मी कोणाले बोललो नाही. पण वरून त्याहीले दिसे. एका दिवशी खाली उतरले, म्हणाले, 'तुह्या हात कावून कापते?' मी लाजत लाजत सांगून टाकलं. शालिकभाऊ त्या साली पूजेले सगळ्याईसमोर आले आणि म्हणाले, 'आण, नारळ मी फोडतो.' त्या दिवसापासून माह्या हात नाही कापला. ज्याचा हात कापते त्याची गाठ ढिली बसते, पोरी. मंग थो माल कोणावर पडन, माहीत आहे?"

दामिनीला माहीत होतं. ती बादलीवाली खलासी होती.

"मी तं समजलो शालिकभाऊ सुधरले," नरेशभाऊ म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग आमचे चेहरे पाहून थांबले. "काही चुकलं का?"

"नाही, नाही. चहा घ्या," मी म्हटलं. त्यांना त्या नारळाची किंमत कधीच कळली नव्हती, आणि बाबांनी ती कळू दिली नव्हती.

नरेशभाऊ गेल्यावर मला वाटलं, आता पोरगी धावत घरी जाईल आणि आजोबांच्या गळ्यात पडेल. पण ती माझी भाची. "आत्या, पण ते तर अंकलचं झालं," ती म्हणाली. "देवाचं काय? आबांले माहीत होतं का नाही, की चूक आहे?"

शनिवारी उन्हं उतरल्यावर ती गच्चीवर गेली. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. चोरून ऐकणं मला शोभत नाही, पण येतं चांगलं.

"आबा, नरेश अंकलनी सांगितलं. आता तुम्ही सांगा. ते बरोबर होतं का चूक?"

"मले नाही मालूम," बाबा म्हणाले. "तेव्हा बी नव्हतं. पोराचा हात कापत होता, थे दिसलं. मंग देवाले काय दिसलं असन, थे मले नाही मालूम. म्हणून त्या महिन्यात मी प्याल्याले हात नाही लावत. देवासमोर ढोंग नको."

"पण आता तर तुम्ही रिटायर आहे. आता कुठं नारळ फोडता?"

"सवाल तं अजून तिथंच आहे ना, बेटा."

"पास्टरसाहेबांले कावून नाही विचारलं?"

"थे म्हणाले असते, माफ आहे. नाहीतर म्हणाले असते, पाप आहे. दोन्हीले मी भीत होतो." मग म्हणाले, "तू उद्या उभी राहजो. माह्यासाठी नको अटकू. बापाले घे साक्षी."

"मी उभी राहून काय बोलू? मले पण सगळं नाही मालूम."

"जे मालूम आहे, तेवढंच बोल."

ती खाली आली तेव्हा मी घाईघाईने जिना झाडायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, झाडू उलटा आहे," म्हणाली आणि आत गेली. साक्षीचं काय ठरलं, ते तिने कोणालाच सांगितलं नाही.

रविवारी बाबांनी पांढरा शर्ट घातला. न घालून करतात काय! पण चर्चमध्ये पोरांची नावं पुकारायला लागल्यावर ते बाकावर मागे रेलून बसले, जणू आपला काही संबंधच नाही. बाकीची पोरं एकेक करून घोकलेलं म्हणून गेली. दामिनीची पाळी आली. पास्टरसाहेबांनी विचारलं, "बेटी, तुम्हारा विश्वास क्या है?"

"मैं यीशु को मानती हूँ," ती म्हणाली. "बाकी बहुत कुछ मुझे मालूम नहीं है. मैं पूछती रहूँगी."

पास्टरसाहेबांनी चष्मा नीट केला. मंडळीत कुजबुज झाली. राजदीप भैया मात्र पुढच्या बाकावर ताठ झाला, ते मी टिपलं.

"और तुम्हारा साक्षी?"

दामिनी वळली. "मेरे आबा. उनको भी सब मालूम नहीं है."

कोणीतरी हसलं. बाबा उठायला इतका वेळ लावत होते की भूपेंद्रने त्यांना कोपराला धरून उभं केलं. ते पुढे गेले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कपाटाच्या दारावर एवढी तालीम करूनही तो हात कापत होता. दामिनीने आपला हात वर नेऊन त्यावर ठेवला.

मग प्रभुभोजन. आम्ही ओळीने बसलो होतो: भूपेंद्र, बाबा, दामिनी, मी, शेवटी नीतूवहिनी. भाकरीचं ताट आलं. बाबांनी ते घेतलं आणि नेहमीसारखं पुढे दिलं. दामिनीने तिचा तुकडा घेतला, आणि ताट माझ्याकडे देण्याआधी आणखी एक उचलून मुठीत ठेवला. मला वाटलं, नवखी आहे, चुकली.

मागोमाग प्याल्यांचा ट्रे आला. भूपेंद्रने प्याला उचलला, ट्रे बाबांना दिला. बाबांनी दोन्ही हातांनी घेतला आणि न उचलता दामिनीकडे वळवला.

दामिनीने ट्रे घेतला नाही. तिने उजवा हात वर केला आणि उघडा तळहात त्यांच्या छातीसमोर धरला.

बाबा थांबले. ट्रे हवेत, दोन्ही हात तसेच. प्याले एकमेकांना लागून किणकिणत होते. मागचे लोक माना वर करून बघायला लागले. पास्टरसाहेब खाकरले. बाबांनी डोळ्यांनी तिला विनवलं, की नको. पण त्यांनी ट्रे हलवला नाही. थांबायचा इशारा कोणीही देवो, मानायचाच.

मग दामिनीने ट्रे स्वतःच्या मांडीवर घेतला, मुठीतला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, आणि तळहात पालथा करून हळूहळू खाली आणला. उतरव. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी तुकडा खाल्ला. प्याला उचलला आणि प्यायले. मग तिने तिचा उचलला.

मागच्या बाकावरच्या बाईंनी मला ढोसलं. "लड़की ने हाथ से क्या किया? कोई मन्नत-वन्नत है क्या?"

"क्रेन का है," मी म्हटलं. त्यांना काहीच कळलं नाही. त्या घरी जाऊन काय काय सांगणार ते मला दिसत होतं, पण त्या दिवशी मला त्याची पर्वा वाटली नाही. ट्रे माझ्यासमोर आला होता. मी प्याला उचलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ऑक्टोबरात, बाबांकडे चोरून न बघता तो प्यायले.